आठ किलो कमी झाले, तरी कुर्ता एक्सएलच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार महिन्यांत वजन ७६ किलोवरून ६८ वर आलं. तरी दुकानात कुर्ता एक्सएलच बसतो, एल घातला की खांद्यात आणि मुंढ्यात (बाही जोडतात त्या काखेजवळच्या गोलात) आवळतो. घरचे ब्लाऊज मात्र खांद्यावरून घसरायला लागलेत. यजमानांची कंबर ४० वरून ३७ झाली, त्यांच्या पँटी चापून मिळतील का? आणि हे सगळं आत्ताच करून घ्यावं, की वजन आणखी उतरेपर्यंत थांबावं?

आधी सरळ उत्तर देते. ब्लाऊज आत्ता तात्पुरते चापून, म्हणजे शिवण आत घेऊन घट्ट करून घ्या, पण आतलं कापड कापू देऊ नका. कुर्ता खांदा बघून एक्सएलच घ्या आणि दोन्ही बाजूंनी चापून घ्या. पँटची कंबर तीन इंच कमी होते, पण सगळे तीन इंच मागच्या एकाच शिवणीतून काढले तर पँट बिघडते. आता कारणं, कारण ती कळली की टेलरला नेमकं काय सांगायचं ते कळतं.

किलो आणि इंच यांचं गणित सरळ नाही. रेडीमेड कपड्यात एका साईजचा फरक साधारण दोन इंच, म्हणजे पाच सेंटीमीटर. धड म्हणजे पन्नास सेंटीमीटर उंचीचा एक गोल डबा, असं क्षणभर धरा. त्याचा घेर ९० सेंटीमीटरवरून ८५ व्हायला जवळजवळ साडेतीन लिटर आकारमान जावं लागतं. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, म्हणून हे झाले तीन किलोंहून थोडे जास्त. घेर ११० असेल तर तेवढ्याच पाच सेंटीमीटरसाठी सव्वाचार लिटर जावे लागतात, आणि घेर ८० असेल तर तीन लिटर पुरतात. म्हणून मोठ्या अंगाच्या माणसाला सुरुवातीचे किलो कपड्यात कमी दिसतात आणि शेवटचे जास्त दिसतात. शिवाय हा हिशोब एकट्या धडाचा आहे. चेहरा, मान, पाठ, दंड, मांड्या, पोटऱ्या सगळीकडून थोडं थोडं जातं, त्यामुळे एका साईजसाठी प्रत्यक्षात चार ते सहा किलो लागले तर त्यात वेगळं काही नाही.

त्यातही पहिले दीड-दोन किलो हिशोबात धरूच नका. खाणं कमी केलं की शरीर आधी यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, वापरतं. हा साठा साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचा, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. तो साठा उतरला की पाणीही जातं. काटा खूश करतो, टेप मात्र जागचा हलत नाही. उलटही होतं: व्यायाम नियमित असेल तर महिना-दीड महिना वजन तिथेच राहतं आणि कंबर एक इंच उतरते, कारण तेवढ्याच वजनाचा स्नायू चरबीपेक्षा कमी जागा घेतो.

आता एल का आवळतो ते. साईज म्हणजे एक आकडा नसतो. खांदा, छाती, मुंढा, दंड, कंबर, सीट (नितंबांचा घेर), पाठीची उंची अशा सात-आठ मापांचा तो संच असतो. कारखान्यात एका मापाचा नमुना बनतो आणि तोच ठरावीक प्रमाणात लहान-मोठा करून बाकीचे साईज काढतात. एक्सएलवरून एलवर येताना छाती दोन इंच कमी होते, त्यासोबत खांदा पाव ते अर्धा इंच, मुंढा साधारण अर्धा इंच आणि बाहीची रुंदीही कमी होते. म्हणजे तक्ता असं गृहीत धरतो की ज्या बाईची छाती लहान तिचा खांदाही लहान.

वजन उतरताना शरीर या तक्त्याप्रमाणे उतरत नाही. खांद्याची रुंदी, बरगड्यांचा पिंजरा, कमरेचं हाड, मानेपासून कमरेपर्यंतची पाठ, ही सगळी हाडांची मापं. त्यांच्यावरचा मांसल थर पातळ होतो, एवढंच. ७६ वरून ६८ ला आलेल्या बाईचा खांदा जेमतेम बदलतो, छाती दीड-दोन इंच उतरते, कंबर दोन-तीन इंच, आणि दंड अनेकींचा सगळ्यात सावकाश. अशा अंगाला एलचा खांदा लहान आणि एक्सएलची कंबर मोठी, हे होणारच. तुमचं वजन कमी झालेलं नाही असा याचा अर्थ अजिबात नाही. तक्ता तुमच्या अंगावर बेतलेला नाही, एवढंच.

लेबलवर विसंबू नये याला दुसरंही कारण आहे. कुर्त्यावर एस ३६, एम ३८, एल ४०, एक्सएल ४२ असे आकडे बऱ्याच ठिकाणी दिसतात. पण काही कंपन्यांचा हा आकडा अंगाच्या छातीचा असतो, काहींचा तयार कुर्त्याचा. दुसऱ्या प्रकारात ४२ चा कुर्ता ३९-४० छातीलाच बसतो. पुरुषांच्या फॉर्मल शर्टवर ३९, ४०, ४२ लिहिलेलं असतं ते बहुधा कॉलरचं माप, तेही सेंटीमीटरमध्ये. पँटच्या ३४ आणि टेपवरच्या ३४ मध्येही इंच-दीड इंचाचं अंतर सापडतं. भारतीय अंगांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) यांचा इंडिया साइज हा प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर झाला. मुंबईसह सहा शहरांत सुमारे पंचवीस हजार लोकांची मापं स्कॅनरने घ्यायची, असं त्याचं स्वरूप. तक्ते किती वेगवेगळे वापरात आहेत ते यावरून लक्षात यावं. तेव्हा दुकानात जाताना पर्समध्ये टेप ठेवा. चांगला बसणारा कुर्ता पलंगावर सपाट पसरून काखेखाली आडवं माप घ्या आणि त्याची दुप्पट लिहून ठेवा. दुकानातला कुर्ताही तसाच मोजा. ट्रायल रूमच्या आरशापेक्षा हे माप जास्त खरं सांगतं.

कुर्त्यात दोन-तीन इंच सैल ठेवलेलं असतं, तेही लक्षात घ्या. हात हलायला, बसायला ती जागा लागते. छाती इंचभर उतरली तरी कुर्ता तसाच दिसतो, कारण दोनाचे तीन इंच सैल झालेले डोळ्याला कळत नाहीत. ब्लाऊजमध्ये ही जागा अर्धा ते एक इंच, त्यामुळे तिथे इंचभर उतरलं की लगेच कळतं. लेगिंग आणि स्ट्रेच जीन्स दोन्ही बाजूंनी फसवतात. त्यांतला इलॅस्टिक धागा दोन-तीन साईज सामावून घेतो आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्यात, सीटमध्ये ढिला पडतो. सुती कपड्याची फसवणूक वेगळी: न भिजवता शिवलेला सुती कपडा पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतो. बेचाळीस इंचांच्या कुर्त्यात तीन टक्के म्हणजे सव्वा इंच. तुम्ही इंचभर उतरलात आणि कुर्ताही इंचभर आटला, की फिटिंग जशीच्या तशी वाटते. म्हणून प्रगती बघायला एकच न ताणणारा, आटून झालेला कपडा ठरवा. जुना अस्तराचा ब्लाऊज किंवा साधी कापडी पँट उत्तम. दर पंधरा दिवसांनी तोच घालून बघा.

माप घ्यायची वेळही ठरलेली असू द्या. सकाळी, शौचानंतर, काही खायच्या आधी, त्याच प्रकारच्या आतल्या कपड्यांत. कंबर मोजताना सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध टेप ठेवा आणि सहज श्वास सोडल्यावर वाचा. पोट आत ओढू नका. सीट सगळ्यात फुगीर जागी, पाय जुळवून. प्रत्येक माप दोनदा घ्या. सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात पोटाचं माप अंगातल्या पाण्यामुळे वाढू शकतं, तेव्हाचा आकडा मनावर घेऊ नका. आणि घरातला दहा वर्षांपूर्वीचा कापडी टेप आधी स्टीलच्या पट्टीवर तपासा. असे टेप वापरून लांबतात, मग माप खरं असतं त्यापेक्षा कमी येतं.

आता ब्लाऊज. हा विषय मोठा आहे आणि बहुतेक नुकसान इथेच होतं. खांदा तोच, तर ब्लाऊज घसरतो का? ब्लाऊजच्या खांद्याची पट्टी दोन-अडीच इंचांची, गळा रुंद. ती पट्टी जागेवर राहते ती छातीवरच्या आणि पाठीवरच्या ताणामुळे. छाती ३८ असताना ३९ चा शिवलेला ब्लाऊज आज साडेछत्तीस छातीवर अडीच इंच सैल आहे. ताण गेला की गळा पसरतो आणि पट्टी दंडाकडे सरकते. खांदा लहान करण्याआधी बाजू चापून बघायच्या त्या यासाठी. बऱ्याच ब्लाऊजांचं घसरणं तेवढ्याने थांबतं.

बाजूची शिवण किती आत घ्यायची, यात हमखास चूक होते. शिवणीपासून अर्धा इंच आत टीप मारली तर पुढच्या भागाचा अर्धा आणि पाठीचा अर्धा, म्हणजे एका बाजूला एक इंच जातो. दोन्ही बाजू मिळून दोन इंच. ‘अर्धा इंच चापा’ असं सांगितलं की टेलर एक समजतो आणि तुम्ही दुसरं. म्हणून ‘एकूण घेर दीड इंच कमी करा’ अशा शब्दांत सांगा. एकूण दोन इंचांपर्यंत बाजूंनी निभतं. टीप बाहीच्या शिवणीतून सुरू करून काखेतून खाली एका रेषेत न्यायची. फक्त काखेखालून चापलं तर काखेत चुणी पडते.

दोन इंचांच्या पुढे गेलं की दुसऱ्या अडचणी सुरू होतात. चार टक्सच्या (उभारासाठी घातलेल्या निमुळत्या चुण्यांच्या) ब्लाऊजमध्ये टक्सची टोकं मूळ जागीच राहतात, पण छातीचा उभार आता लहान आणि किंचित खाली असतो. टोकाजवळ कापडाला फुगा येतो. टक्स उसवून टोक पाव-अर्धा इंच खाली आणि टक उथळ करून परत घालावे लागतात. कटोरीच्या ब्लाऊजमध्ये तर कटोरीच, म्हणजे छातीवरचा वेगळा जोडलेला वाटीसारखा भागच, मोठी पडते. बाजू कितीही चापा, कटोरीत सुरकुत्या राहतात. ती उसवून, कडेने कापून पुन्हा बसवावी लागते आणि हे काम नव्या ब्लाऊजइतका वेळ खातं. प्रिन्सेस कट सगळ्यात सोयीचा, कारण छातीवरूनच जाणाऱ्या उभ्या शिवणीतून हवं तिथे हवं तेवढं घेता येतं. वजन उतरत असताना नवे ब्लाऊज शिवायचेच असतील तर प्रिन्सेस कट शिवा.

मुंढ्याचं मात्र सांभाळा. एकदा खोल कापलेला मुंढा वर नेता येत नाही. अंग उतरल्यावर तो काखेपासून खाली लोंबतो, आणि हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर येतो. त्यावर एकच मार्ग: खांद्याच्या शिवणीतून पाव ते अर्धा इंच घ्यायचं, म्हणजे सगळा ब्लाऊज तेवढा वर उचलला जातो. यात गळाही वर येतो, टक्सही वर येतात आणि ब्लाऊजची उंची तेवढी कमी होते. उंचीला खाली माया, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, असेल तरच हे करा.

हे सगळं योग्य ब्रेसियर घालूनच ठरवायचं. वजन उतरताना छातीखालचा घेरही उतरतो आणि पट्टा सैल पडतो. पट्टा सैल की उभाराची जागा सहज अर्धा इंच खाली जाते, आणि टेलर त्या चुकीच्या जागी टक्स बेततो. नवी ब्रेसियर सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसायला हवी. सैलावली की आत सरकायला जागा राहते. शेवटच्या हुकावरही पाठीत पट्टा वर चढत असेल तर पट्टा एक साईज खाली घ्या. तेव्हा कपचं अक्षर एक वर जातं, कारण ३६ सीचा आणि ३४ डीचा कप आकारमानाने सारखाच असतो. अक्षर वाढलेलं बघून अनेकजणी ती साईज घ्यायला बिचकतात, तसं करू नका.

कधी अल्टर करावं? वजन सहा ते आठ आठवडे दीड किलोच्या आत स्थिर राहिलं, की कायमचं काम करा. तोवर रोजच्या वापराचे तीन-चार ब्लाऊज आणि चार-पाच कुर्तेच तात्पुरते चापा. मशीनचा टाका सगळ्यात मोठा ठेवून टीप मारायला सांगा, ती उसवायला सोपी जाते. माया कापायची नाही, आणि मायेवर नव्याने इंटरलॉक (कड उसवू नये म्हणून मारतात ती मशीनची शिलाई) करायचं नाही, कारण इंटरलॉक करताना मशीनचं पातं कापडाची कड छाटतं. पैठणीचा ब्लाऊज, टसर, सॅटिन यांवर सुईची भोकं राहतात. सुती कापडावरची धुतल्यावर बुजतात, रेशमावरची बुजत नाहीत. अशा कापडाला तात्पुरता हाताचा धावदोरा घाला, तोही शक्यतो जुन्या टीपेला धरून. वजन थोडं परत वाढलं आणि ब्लाऊज सोडायची वेळ आली, तर ही काळजी कामाला येते. वजन परत थोडं वाढणं नेहमीचं आहे, त्यात शरमण्यासारखं काही नाही.

लग्नसराईचा ब्लाऊज असेल आणि वजन उतरतच असेल, तर शिवायला देतानाच ते सांगा. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, अस्तरालाही तेवढीच, आणि शेवटची ट्रायल समारंभाच्या दहा-बारा दिवस आधी. मापं तीन महिन्यांपूर्वीची आणि ट्रायल आदल्या दिवशी, असं झालं तर कटोरी बदलायला कुणालाच वेळ मिळत नाही.

कुर्त्याबद्दल थोडक्यात. खांदा बसतो ना, एवढं बघा. बाही जिथे जोडली आहे ती शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. बाकी बाजूंनी एकूण तीन इंचांपर्यंत चापता येतं, फक्त साइड कटच्या टोकापर्यंत शिवण तिरकी उतरवत आणावी, नाहीतर सीटवर कुर्ता अडकतो. पोट कमी झालं की कुर्त्याचा पुढचा घेर मागच्यापेक्षा खाली येतो, कारण पोटावरून जाताना वापरलं जाणारं कापड आता मोकळं झालेलं असतं. तो अर्धा-पाऊण इंच वर दुमडून घ्या.

साडीला साईज नाही, पण तीही सांगते. एक निरी नऊ-दहा इंच कापड घेते आणि साडीचे अंगाभोवती जवळजवळ दोन फेरे होतात. सीट पाच इंच कमी झाली की एक निरी वाढते. परकर मात्र बदला. नाडी आवळून आवळून नेफ्याचा चुणीदार गोळा पोटावर येतो आणि साडीतून फुगवटा दिसतो. सहा कळ्यांचा परकर असेल तर प्रत्येक शिवणीतून थोडं थोडं घेऊन तो नीट करता येतो.

आता यजमानांच्या पँटी. मागच्या मधल्या शिवणीतून एकूण दीड ते दोन इंच घ्यायचे. तीनही इंच तिथूनच घेतले तर मागचे खिसे एकमेकांजवळ येतात आणि पँट मागून विचित्र दिसते. उरलेला इंच बाजूच्या शिवणींतून घ्यावा लागतो. त्यासाठी बेल्ट (पँटला शिवलेली कमरेची पट्टी) आणि क्रॉस पॉकेटचा वरचा भाग उसवावा लागतो, मजुरी वाढते, बेल्टच्या लुप्याही सरकवाव्या लागतात. कंबर चापली आणि सीट तशीच ठेवली तर सीटखाली कापड लोंबतं, म्हणून मागची शिवण आसनापर्यंत, म्हणजे दोन पाय जुळतात तिथपर्यंत, हळूहळू उतरवत न्यायची. चार इंचांच्या पुढे मात्र पँट चापू नका, नवी शिवा. खर्च आणि दिसणं, दोन्हींत तीच परवडते.

पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट सुटते. पोट असताना पँट पोटाखाली बांधलेली असते. पोट उतरलं की ती आपोआप इंचभर वर, खऱ्या कमरेवर बसते. मग मोहरी, म्हणजे पँटच्या पायाची खालची कड, वर जाते आणि मोजे दिसायला लागतात. म्हणून कंबर चापून झाल्यावर, बूट घालून, उंची परत बघायची आणि मोहरीतली दुमड लागेल तेवढी सोडायची. शर्टाची कॉलर बंद केल्यावर दोनहून जास्त बोटं आत जात असतील तर तो शर्ट बदललेला बरा. कॉलर लहान करणं म्हणजे गळा नव्याने कापणं.

बांगड्यांचंही अनेकजणी विचारतात. २-६ ची बांगडी म्हणजे आतला व्यास दोन पूर्णांक सहा सोळांश इंच. बांगडी अडते ती मनगटावर नाही, बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवर. त्यामुळे वीस किलो उतरूनही बांगडीचं माप तेच राहू शकतं, अंगठी मात्र आधी सैल होते. मौल्यवान अंगठी असेल तर ती वेळेत लहान करून घ्या. तोवर सोनाराकडून आतून पट्टी लावून घेतली तरी चालते.

टेलरकडे जाताना ब्लाऊज घालूनच जा, वर ओढणी घ्या, पण मापासाठी उतरवून देऊ नका. टाचण्या अंगावरच लावायला सांगा. मग दोन्ही हात सरळ वर करा, पुढे घेऊन कवटाळल्यासारखे करा, आणि खुर्चीवर बसून वाका. तिन्ही वेळा टाचणी टोचली नाही आणि गळा जागेवर राहिला, तर तेवढं चापणं बरोबर आहे.